बाबांच्या खुर्चीतला खोका

प्रिय काका,

पत्र बघून दचकू नका, बाबांची म्युझिक सिस्टीम ठणठणीत आहे. आपल्या दोघांचं बोलणं वायरी, फ्यूज आणि आवाज कमी कर यांच्यापलीकडे कधी गेलंच नाही. आज जे बोलायचंय ते फोनवर सुरू केलं, तर मी रडायला लागेन आणि तुम्ही हळूच फोन आईकडे द्याल. म्हणून हा कागद.

आईशी लग्न करून तुम्ही घरात आलात तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि अंगात नुसता फणकारा. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांची एकच गोष्ट माझ्यापाशी उरली होती: त्यांच्या वादनाच्या सरावाची चाळीस मिनिटांची टेप, आणि ती ऐकायला त्यांचीच सिस्टीम. तिला कुणी हात लावला तर आवाज बिघडेल आणि बाबा दुसऱ्यांदा जातील, अशी माझी ठाम समजूत. त्यात तुम्ही लिफ्ट दुरुस्त करणारे, खिशात कायम स्क्रूड्रायव्हर! माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

वर्षभर तुम्ही तिच्याकडे फिरकलाही नाहीत. मग एकदा भिंतीवरच्या फोटोत बाबांचं डबल बेस, ते खर्जाचं तंतुवाद्य, बघून, माणसापेक्षा उंच वाद्य आणि आवाज डब्यात कोंडल्यासारखा का, असं विचारलंत. मी काय फाडकन बोलले ते आठवलं की अजून लाज वाटते. तरी तुम्ही सबवूफर, म्हणजे खालचे सूर वाजवणारा स्पीकरचा खोका, आणलात आणि जोडायची परवानगी मागितलीत. माझी! आईचीसुद्धा नाही.

पहिल्या दिवशी घोटाळा झालाच. माहितीपत्रकात होतं तसं तुम्ही स्पीकरच्या वायरी आधी सबवूफरमधून फिरवून मग स्पीकरला नेल्यात. दणका आला, पण टेपमधला बाबांचा श्वास गेला, तारेवर बोट घासल्याची खरखर गेली. मी असा थयथयाट केला की शेजारच्या काकू बघायला आल्या. तुम्ही लगेच सगळं सोडवलंत, होतं तस्सं करून दिलंत, आणि माझी खात्री पटेपर्यंत टेप पुन्हापुन्हा ऐकवलीत.

पुढच्या शनिवारी नवी युक्ती. स्पीकरच्या वायरी होत्या तशाच ठेवायच्या, आणि त्या अ‍ॅम्प्लिफायरला जिथे जोडल्यात तिथूनच आणखी एक बारीक वायर सबवूफरला न्यायची. म्हणजे स्पीकरला मिळायचं ते पुरेपूर मिळणार, खोक्याने फक्त तळाचे सूर सांभाळायचे. आणि मग तो खोका तुम्ही चक्क सिस्टीमसमोरच्या बाबांच्या खुर्चीत बसवलात! मी किंचाळणार, तेवढ्यात तुम्ही कान जमिनीशी लावून खोलीभर रांगायला लागलात. ऐकायच्या जागी खोका ठेवायचा, आणि रांगताना जिथे आवाज स्वच्छ लागेल तिथे त्याला हलवायचं, असं तसेच रांगत समजावलंत. एवढा आडदांड माणूस, सोफ्यामागे अडकलात. तुम्ही आल्यापासून मी पहिल्यांदा खदखदून हसले ते तेव्हा. शेवटी चपलांच्या रॅकशेजारची जागा ठरली. खोक्याचा आवाज इतका कमी ठेवलात की तो चालू आहे हेच कळेना. कळायला नकोच, म्हणालात. बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटलं की झालं.

मग टेप लावलीत. बाबांचे सगळ्यात खालचे सूर ते गेल्यापासून मी पहिल्यांदा ऐकले, फरशीतून तळपायांना लागले. आणि त्यांचा श्वास जिथल्या तिथे होता. मी रडत होते आणि तुम्ही उगाचच उरलेली वायर गुंडाळत बसला होतात. तेव्हा थँक्यूसुद्धा म्हणाले नाही. आज म्हणते, काका. माझे बाबा माझ्यापासून न हिरावता तुम्ही मला ते आणखी थोडे मिळवून दिलेत. आणि इतक्या वर्षांत त्या खुर्चीत तुम्ही स्वतः एकदाही बसला नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नका.

आता खरं काम. पुढच्या महिन्यात मी ज्याच्याशी लग्न करतेय, त्याला सात वर्षांची मुलगी आहे. तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली. काल मी त्यांच्या घरी गेले, तर ती आईच्या शिलाई मशीनपुढे दोन्ही हात पसरून उभी राहिली, मी हात लावीन म्हणून. मी लांब जाऊन बसले आणि घरी येऊन हे लिहायला घेतलं. काका, ते पहिलं वर्षभर तुम्ही नुसते कसे हो थांबलात? मी रविवारी येतेय. मला सगळं पहिल्यापासून शिकवा.

तुमचीच,
लेक