हमीद चाचांनी पसंत केलेली लेथ

प्रिय हमीद चाचा,

सलाम आणि जयभीम.

काल दुपारी आपल्या लेथवर लोखंडी सळई फिरवून दोन फुटांचा शाफ्ट कातला आणि तो दोन्ही टोकांना अगदी सारख्या जाडीचा निघाला. ही बातमी आधी तुम्हालाच द्यायची होती. तुम्ही महागावच्या कब्रस्तानात आहात, म्हणून पत्र लिहायला बसले. दुसरं कारण असं, की मला तुमची माफी मागायची आहे. ती राहून गेली तर मला पुढचं काम सुचणार नाही.

आठवतं का, आयटीआयचं टर्नरचं प्रमाणपत्र घेऊन मी तुमच्या दुकानात आले होते? सगळ्या वर्गात मी एकटी मुलगी. कारखान्यात कुणी उभं करेना. तुम्ही कागद पाहिलाच नाही. "ओढनी कमरेले बांध आन उभी राह्य," एवढंच म्हणालात. कापसाची जिनिंग बंद पडून तुमची नोकरी गेल्यावर तुम्ही त्या दुकानात लहानशी लेथ टाकली होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि तीही विकलीत. पण तोवर माझ्या हाताला वळण लागलं होतं.

पुढे आम्ही फुलसावंगीत अवजारघर सुरू केलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद तुम्हालाच झाला होता. कापसाला भाव नव्हता. नवीन वखर, नवीन फवारणी पंप घेण्याची कुणाचीच सोय राहिली नव्हती. म्हणून आम्ही आठ-दहा जणांनी घरातले पाने-हातोडे एका रिकाम्या गोदामात आणून ठेवले. ज्याचं मोडलं त्यानं यावं आणि सगळ्यांच्या मदतीनं दुरुस्त करून न्यावं. वेल्डिंग तांड्यावरच्या दिलीप राठोडनं सांभाळलं. पण साधी पिन कातायची म्हटली तरी यवतमाळ गाठावं लागायचं. एक दिवस एसटीत जायचा आणि एक दिवस रांगेत.

मग बंद जिनिंगमधली यंत्रं विकायला निघाल्याचं कळलं. तुम्ही तीस वर्षं जिच्यापुढे उभे होतात ती लेथही त्यात होती.

अवजारघराची सभा भरली. दिलीप पहिल्यापासून विरोधात होता. "जुनी मशीन म्हंजे दुसऱ्याचं दुखनं आपल्या घरी आननं व्हय," तो म्हणाला. "आपन लहान घेऊ, पन नवी घेऊ." त्याचं म्हणणं वेडं नव्हतं. सगळ्यांनी मिळून जमवलेले पैसे एकदाच खर्चता येणार होते. शेवटी मी म्हटलं, चाचांना दाखवू. ते नाही म्हणाले तर विषय संपला. यावर सगळे राजी झाले.

त्या दिवशी तुम्हाला जिनिंगमध्ये घेऊन गेले तेव्हा तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. आत पाऊल टाकताच तुम्ही तो काढलात. रस्ता तुम्हाला पाठ होता. कबुतरांची घाण आणि कित्येक वर्षांची रुई साचलेली ती लेथ पाहून माझं तोंड उतरलं होतं. तुम्ही मला घासलेट आणायला सांगितलंत. चिंधीनं बेड पुसलात, म्हणजे ते लांब लोखंडी रूळ ज्यांवरून सगळं सरकतं, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तळहात फिरवत गेलात. पुन्हा उलटे आलात. तुम्ही पाहत नव्हतात, चाचा. तुम्ही नुसता हात फिरवत होतात. ते मला दिसलं होतं आणि मी कुणालाही सांगितलं नाही.

"बेटी, मशीन बुरी नाही," तुम्ही म्हणालात. "बेकदर लोकाइच्या हाती पडली. घेऊन टाक. पन बसवाले मीच येतो. तोवर तिले हात लावू नका."

लेथ ट्रॅक्टरवरून आली. तुम्ही मात्र आला नाहीत. त्याच आठवड्यात छातीत दुखण्याचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. एवढं सगळं शिकवलंत, मग बसवायची कशी हे तेवढं सांगून का नाही गेलात? राग नाही माझा. पण त्या पावसाळ्यात हा प्रश्न मी तुम्हाला किती वेळा विचारला असेल!

पाऊस तोंडावर होता. आम्ही गोदामाच्या साध्या फरशीवरच लेथ बसवली आणि बोल्ट आवळले. पहिलं मोठं काम आलं ते बायकांच्या गटाच्या पिठाच्या चक्कीचं. तिचा शाफ्ट करून दिला. आठ दिवसांत बेअरिंग तापून जळालं. मोजून पाहिलं तर शाफ्ट एका टोकाला केसभर जाड, दुसऱ्या टोकाला बारीक. पुन्हा केला, पुन्हा तसाच. मी टूल बदललं, मागचा आधार सरकवून पाहिला, चक, काम पकडणारा तो जबडा, उघडून धुतला. काही फरक नाही. चक्की बंद पडली. बायका डोक्यावर दळण घेऊन दुसऱ्या गावी जाऊ लागल्या. जाताना गोदामासमोरून जायच्या आणि आत पाहायच्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पोळ्यानंतर सभा झाली. "बेड झिजला असन," दिलीप एवढंच म्हणाला. सगळे माझ्याकडे पाहत होते. आणि चाचा, मी उभी राहून म्हणाले, "चाचांना दिसत नव्हतं. त्यांनी नुसत्या हातानं पाहिलं. त्यांचं चुकलं."

तुमचं नाव पुढे केलं आणि मी मागे सरकले. तुम्ही उत्तर द्यायला नव्हतात. दिवाळीनंतर लेथ भंगारात द्यायची असं ठरलं.

मग चाचीचा निरोप आला. तुम्ही गेल्यापासून मी तिच्याकडे एकदाही गेले नव्हते. आधी कामामुळे, नंतर लाजेमुळे. दारातच तिनं विचारलं, "तू म्हने सभेत बोलली का बुढ्याले दिसत नोहतं?"

"हो चाची."

"खरं हाय. माह्या लुगड्याचा रंग ओळखू येत नोहता त्याले." तिनं मला बसवलं, चहा ठेवला. "पन त्या मशीनीचं मले नको सांगू. सवत व्हती ते माही. हर साल पाऊस सरला का दोन दिवस तिच्या पायापाशी बसून राहे. मी म्हनो, काहून जी, पाय दाबून राह्यले का तिचे? तं म्हने, आपली काळी जमीन फुगते, बेगम, मशीन पीळ खाते. तिले सीधं केल्याशिवाय ते सीधं काम करत नाही."

मी कप खाली ठेवला. "चाची, पुन्हा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं, जरा वैतागूनच. मग ट्रंकेतून फडक्यात बांधलेली तुमची लेव्हल, सपाटी पाहायची ती पट्टी, काढून दिली. काचेच्या नळीतला तो बुडबुडा मी तुमच्या दुकानात शंभरदा पाहिला होता, पण तुमची लहान लेथ पक्क्या दगडावर होती. तिला दरवर्षी सरळ करायची कधी गरजच पडली नाही. मला कसं कळणार होतं? आणि विचारायलाही मी कुठे आले होते?

दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल बेडवर आडवी ठेवली. चकाकडे बुडबुडा मधोमध. मागच्या टोकाला तो सरळ कडेला जाऊन चिकटला. पावसात माती फुगली होती, फरशी उचलली गेली होती आणि लेथ पिळलेल्या फडक्यासारखी उभी होती. दिलीपनं वाकून पाहिलं. मग कुदळ घेऊन आला.

लेथ बाजूला घेऊन आम्ही काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खोदलं. दगड भरले, नवा पाया घातला, तो पुरता वाळू दिला. मग लेथच्या पायांखाली पातळ पत्रे सरकवत आणि बुडबुड्याकडे पाहत दोन दिवस गेले. काल शाफ्ट कातला. व्हर्निअरनं जाडी मोजायला मी दिलीपलाच सांगितलं. त्यानं हे टोक मोजलं, ते टोक मोजलं, पुन्हा हे मोजलं. मग व्हर्निअर माझ्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन बिडी पेटवली. परत आल्यावर म्हणाला, "बुढ्याचा हात खरा व्हता."

माझ्या छातीवरचं ओझं त्या क्षणी उतरलं, चाचा. चार महिन्यांनी काल मला धड भूक लागली.

संध्याकाळी सगळ्यांना गोळा केलं आणि त्याच लोकांसमोर सांगितलं की चाचांचं चुकलं नव्हतं, चूक आमच्या घाईची होती, आणि त्यांचं नाव घेऊन मी माझी चूक झाकली होती. चक्कीच्या गटातली एक बाई फक्त म्हणाली, "शाफ्ट उद्या देशीन ना?"

आज सकाळी तो बसवला. चक्की सुरू आहे.

आणि आज दुपारी चाची आली होती. तीस वर्षांत तिनं ती लेथ कधी पाहिलीच नव्हती, हे मला आज कळलं. जिनिंगमध्ये तिला कोण नेणार? ती लेथभोवती एक चक्कर मारून आली. म्हणाली, "हेच का ते? मले वाटलं मोठी असन." मग पदरानं बेडवरचा लोखंडाचा चुरा झटकला आणि मला विचारलं, "इथं रोज कोन पुसते?"

मी पुसते, चाचा, आणि पुसत राहीन. पुढे कुणाचं चुकलं असं म्हणायची वेळ आली, तर सभेत उभी राहण्याआधी त्याच्या दारात जाईन. चाचीकडे तर जाईनच. तिनं निरोप धाडायची वाट पाहणार नाही.

तुमची,
वंदना
अवजारघर, फुलसावंगी