स्टुलाचा चौथा पाय

२ जून
आजपासून आयुष्याला वळण. कागद कारखाना बंद होऊन दीड वर्ष झालं. आता सरकारी निधीतून त्याच्याच कँटीनमध्ये वेल्डिंगचा वर्ग निघालाय. फुकट. अट एकच : तपासणीला बारा डोकी हजर हवीत, नाहीतर निधी बंद. अकरा जमली होती. ताईनं मला न विचारता बारावं नाव माझं टाकलं. म्हणजे वर्ग माझ्यावरच उभा आहे.

४ जून
ताई कारखान्यात पॅकिंगला होती. सर्टिफिकेट मिळालं की बस डेपोच्या वर्कशॉपात घेणार आहेत तिला. सर म्हणाले, बाईंचा हात स्थिर आहे. माझ्या हाताबद्दल काही बोलले नाहीत. तोंडावर स्तुती करत नसतील.

९ जून, सकाळी ११
मुखवटा घातला की काहीच दिसत नाही. काढला की फार दिसतं. डोळे सुजले. रजा.

१५ जून
दोन पत्रे जोडायचे होते. माझी वेल्डिंगची कांडीच पत्र्याला चिकटली. सर म्हणाले, बाबा रे, कशाला काय जोडायचं ते तरी ठरव. मी मुळात थिअरीचा माणूस. (थिअरी अजून सुरू व्हायचीय.)

२३ जून
गेलो नाही. पुलाचं काम बघत बसलो. तेही शिक्षणच.

३० जून
प्रत्येकानं एक स्टूल करायचंय. ताईचे तीन पाय झाले. माझं स्टूल डोक्यात पूर्ण तयार आहे.

७ जुलै
उद्या अकराला तपासणी. ताईनं माझा शर्ट इस्त्री केला. म्हणाली, हात जोडते, उद्या काही करू नकोस, नुसता बस. मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वासच नाही का? म्हणाली, नाही.
संकल्प : साडेदहालाच जागेवर.

८ जुलै, सकाळी १०.१०
गेटवर कारखान्याचं शेवटचं मशीन ट्रेलरवर चढलंय. बेचाळीस चाकं! दोनदा मोजली. ड्रायव्हर म्हणतोय, फाट्यापर्यंत येतोस का? फाटा काय, इथेच तर आहे.

दुपारी २.४०
फाटा कधीच मागे गेला. मशीन उंच, वाटेतल्या विजेच्या तारा बांबूनं वर उचलायला माणूस हवा होता, मग अडकलो. उत्तम जमलं. तिकडे एक डोकं कमी पडलं म्हणून काय आभाळ कोसळतंय?

९ जुलै
दुधाच्या गाडीनं परत. कँटीनच्या दाराला कुलूप, वर कागद : ‘पुरेशा उपस्थितीअभावी वर्ग बंद.’ सर सामान बांधत होते. म्हणाले, तपासणीच्या साहेबांनी तीनदा मोजलं. ताईंनी त्यांना दोन वेळा चहा पाजला, चार वेळा गेटपर्यंत बघून आल्या. अकराच.
चूक योजनेची आहे. एवढा निधी कुणी एका माणसाच्या भरवशावर ठेवतं का?

१२ जुलै
ताई बोलत नाही. डेपोत दुसरं कुणी लागलं. तिनं स्टूल घरी आणलंय, चौथा पाय सुटा. मी तो सुतळीनं बांधला. घट्ट. वेल्डिंग झक मारेल असा. म्हटलं, ताई, बघ तरी.
ताई म्हणाली, बस.
बसलो.
कोपर सोलवटलं. ताई हसलीसुद्धा नाही. तिनं सुतळी सोडली, पाय पदरानं पुसला आणि कपाटावर ठेवून दिला.