शरीफभाईंची सीट आणि तुझं सोनेरी कार्ड

पोशेरा, ता. मोखाडा
डिसेंबर २००४

प्रिय हर्षू,

पत्र पाहून घाबरू नकोस. घरी सगळे बरे आहेत, गाय व्याली, पाडी झाली. हे आधीच सांगतो, कारण माझं पत्र आलं की कुणीतरी आजारी आहे असं तू धरून चालतेस, आणि त्यात तुझी चूक नाही. मी लिहितोच तेव्हा. पण दिवाळीला तू येऊन गेलीस तेव्हापासून माझ्या डोक्यात एक भुंगा शिरलाय. इस्पितळांतली मशीनं बसवायला तू गावोगाव विमानानं फिरतेस, ते ठीक, ती नोकरी आहे. पण तू म्हणालीस की वर्ष संपायच्या आत अजून एक जाऊन-येऊन फेरी झाली नाही तर विमानकंपनी तुझं सोनेरी कार्ड काढून घेईल आणि रुपेरी देईल. म्हणून एका रविवारी, काही काम नसताना, तू दिल्लीला जाणार आणि संध्याकाळी परत येणार. ना कुणाला भेटायचं, ना काही आणायचं. अगं, खोडाळ्याच्या बाजारात रिकाम्या हातानं गेलेला माणूससुद्धा निदान कुणाच्या लग्नाची खबर तरी घेऊन येतो.

कार्डाचे फायदे तू समजावून सांगितलेस ते मला पाठ झालेत. रांगेत थांबायचं नाही, पाय लांब करता येतील अशी पुढची जागा, बसायला गार खोली आणि तिथं पोटाला लागेल तेवढं खाणं. तुझ्या आईला तर ते कार्ड खरंच सोन्याचं वाटलं होतं. तू झोपलीस तेव्हा ती ते भाताच्या कणगीत लपवायला निघाली होती. नुसतं प्लास्टिक आहे म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

बॅग पहिली बाहेर येते म्हणून तुझ्या बॅगेला जी केशरी चिठ्ठी होती, ती तू इथंच खुंटीला विसरून गेलीस. तिची गंमत ऐक. आईला जव्हारच्या रंगूमावशीकडे नागलीची गोणी पोचवायची होती. आईनं ती चिठ्ठी गोणीला सुतळीनं बांधली आणि गोणी एसटीच्या टपावर चढवली. जव्हारला कंडक्टर नवेदनं वर पाहिलं, चिठ्ठीवरचं इंग्रजी वाचलं आणि हमालाला ओरडला, "अरे, ती व्हीआयपी गोणी आधी उतरव, बाकीच्या थांबू देत!" खरोखर आमची गोणी पहिली उतरली. डेपोतली माणसं हसून हसून वाकली, आणि तुझी आई मान ताठ करून रिक्षाकडे गेली. आता पाड्यावरचा पोश्या माझ्या मागं लागलाय, "हर्षूला सांग, येताना चार चिठ्ठ्या आण, मला कोंबड्यांच्या पाटीला लावायच्यात."

तू म्हणशील, बा आपल्या कार्डाला हसतोय. नाही गं. माझ्याकडेही एके काळी असलंच कार्ड होतं. तू जव्हारच्या वसतिगृहात होतीस आणि मी दर रविवारी एसटीनं यायचो. ड्रायव्हर शरीफभाई. सुरुवातीला ते मला ओळखत नव्हते, मी मागं दांडा धरून उभा असायचो. मग हळूहळू इंजिनाजवळची सीट माझी झाली. मी फाट्यावर दिसलो नाही तर हॉर्न वाजवत थांबायचे. "चलो रघुभाई, बेटी वाट बघते." मागून कुणी कुरकुरलं तर म्हणायचे, "याची मुलगी वाट बघतेय. तुझी कोण, म्हैस?" मला काय रुबाब वाटायचा! पुढं तू पुण्याला शिकायला गेलीस, शरीफभाई रिटायर झाले, आणि नव्या ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "ओ बाबा, मागं सरका." घाट उतरेपर्यंत मला वाईट वाटत होतं. मग मनात आलं, त्या सीटसाठी मी कधी जव्हारला गेलोच नव्हतो. गेलो तुझ्यासाठी. सीट आपली वाटेत मिळाली.

तुझं कार्डही जोवर असं वाटेत मिळतंय, तोवर ते गोड आहे. कष्टाचं आहे, मिरव. पण कार्डासाठीच जायचं म्हणजे शरीफभाईंच्या सीटवर बसायला मी जव्हारला जावं आणि तुला न भेटता डेपोतूनच माघारी फिरावं.

आणखी एक गोष्ट तुला ठाऊक नाही. आई शेतात असली आणि वरून विमान गेलं की ती खुरपं ठेवून हात हलवते. तू कुठल्या विमानात आहेस ते कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच हलवते. मी म्हणतो, अगं, यात ती नसेल. तर म्हणते, "असू दे, कुणाची तरी पोर असेलच ना."

खरं तर 'जाऊ नकोस' असं लिहायलाच मी बसलो होतो. दिवाळीला तू म्हणालीस ना, की विमानप्रवासाच्या साठलेल्या मैलांवर आम्हा दोघांची तिकिटं फुकट निघतील? तेव्हा मी गाभण गाय, नागलीची मळणी, गुडघे, सगळं पुढं केलं. खरं कारण विमानाची भीती. पण काल आई चुलीपुढं म्हणाली, "हर्षूच्या बा, आपण शेजारी बसलो तर पोरीची फेरी रिकामी कशी राहील?" मी उठून खुंटीवरची पिशवी काढली. तर हर्षू, आमची तिकिटं काढ. त्या गार खोलीत आम्हाला सोडतील का ते आधी विचारून ठेव. माझा कमरेचा करगोटा चांदीचा आहे, आईची जोडवी निघत नाहीत, तपासणीचं मशीन वाजलं तर काय करायचं तेही कळव. आणि आईला खिडकी दे. शेजारच्या नवशीला तिनं बजावून ठेवलंय, त्या रविवारी खळ्यावर उभं राहायचं आणि जाईल त्या प्रत्येक विमानाला हात हलवायचा. नवशीनं विचारलं, "पण काकी, तुम्ही कशात बसलाय ते मला कळणार कसं?" तर तुझी आई म्हणाली, "मला कधी कळलं होतं?"

तुझाच, पिशवी भरून बसलेला,
बा