घरात आधी कुणाला होतं का?

प्रिय वन्सं,

तुमचं पार्सल परवा पोहोचलं. लोकरीची बंडी आणि टॉनिकच्या दोन बाटल्या. तिकिटं कमी पडली म्हणून पोस्टमनने माझ्याकडून वीस वसूल केले, वर एक बाटली फुटून सगळं टॉनिक बंडीच प्यायली. या घरात तेवढी बंडी धष्टपुष्ट झाली. इथे कुणी हसत नाही, तुम्ही तरी हसा.

तुमच्या भावाचं विचारलंत. कामावर जात नाहीत. चष्म्याच्या दुकानात इतकी वर्षं काचा घासल्या, कधी चूक नाही. आणि आता एका म्हाताऱ्यांची डावी काच उजव्या डोळ्याला बसवली, मग आणखी एकांची. मालक म्हणाले, थोडे दिवस घरी बसा. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. दाढी करा म्हटलं तर म्हणतात, कुणासाठी? माझ्यासाठी, असं म्हणायला हवं होतं. मी नुसतं गरम पाणी ठेवून आले.

आधी घरच्या डॉक्टरांकडेच गेलो. यांनी पोटात जळजळ सांगितली, कारण पोटाचं सांगायला लाज वाटत नाही. पित्ताच्या गोळ्या झाल्या, ताकदीची इंजेक्शनं झाली. शेवटी डॉक्टरांनीच मला बाजूला घेतलं, "वहिनी, दुखणं पोटात नाही," म्हणाले आणि मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. यांनी घर डोक्यावर घेतलं. "मी काय रस्त्यावर दगड मारत सुटलोय?" तरी आले. तिथे बाकावर मुलाच्या शाळेच्या मोठ्या बाई भेटल्या. ओशाळून म्हणाल्या, डोळे दाखवायला आलेय. हे म्हणाले, "मग चष्मा आमच्याकडेच करा हं!" त्यानंतर यांच्या तोंडून थट्टेचा शब्द ऐकला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांतपणे ऐकून घेतात. दोन औषधं बदलून झाली. एकाने झोपच झोप, दुसऱ्याने हात थरथरतात. मन आहे तिथेच. दवाखान्यात ठेवा म्हणतात, हे ऐकत नाहीत. मी देवापुढे बसते. आधी यांना बरं कर म्हणायचे, आता आजचा दिवस निभू दे एवढंच म्हणते.

मागच्या खेपेला बाईंनी विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का, कुणाला एखादं औषध लागू पडलं होतं का. हे पटकन म्हणाले, कुणाला नाही, वडील गच्चीवरून पाय घसरून गेले. लग्नात मलाही हेच सांगितलं होतं. पण चार दिवसांनी, मी काही विचारलं नसताना म्हणाले, "बाबांच्या चपला मीच उचलून आणल्या. कठड्यापाशी जोडीने ठेवलेल्या होत्या. घसरणारा माणूस चपला काढून ठेवतो का गं?" तेव्हापासून आमच्या गच्चीची किल्ली माझ्या गळ्यात आहे.

वन्सं, तेव्हा हे लहान होते, तुम्ही जाणत्या होतात. सासूबाई होत्या तेव्हा एकदा बोलून गेल्या होत्या, "गोळ्या थांबवल्या नसत्या तर..." म्हणजे गोळ्या होत्या. तुमच्या लेकीची सोयरीक जुळेपर्यंत दुखण्याचा बोभाटा नको, असं तुम्ही पार्सलातल्या चिठ्ठीत लिहिलंत. कळतं मला, मीही आईच आहे. गोष्ट डॉक्टरीणबाईंच्या पुढे जाणार नाही, देवाशपथ. मामंजींना कुणाला दाखवलं होतं, गोळीचं नाव काय, तिने बरं वाटत होतं का, एवढंच लिहा. त्याने हे उठून बसतील असं मला वाटत नाही, खोटं कशाला लिहू? पण बाईंनी विचारलं आणि घरातलं कुणी बोललं नाही, असं व्हायला नको. नाव आठवत नसेल तर आठवत नाही एवढं तरी लिहा, पण उलट टपाली कळवा.

तुमचीच,
वहिनी