मुलाखतीतले चाळीस सेकंद

सोमवार, ४
नोकरी लागली एकदाची! नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. विंगेत स्टूल, हातात संहिता, कुणी अडलं की हळूच वाक्य पुरवायचं. नाटक त्या गाजलेल्या मुलाखतीचं. टीव्हीवर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी तेव्हाच्या गृहमंत्र्यांना, म्हणजे साहेबांना, तोंडावर विचारलं होतं, तुमच्या पोलिसांनी उचललेली अकरा माणसं कुठे आहेत? साहेब चाळीस सेकंद गप्प बसले, पाणी प्यायले आणि उठून गेले. पुढे वारलेही. त्या अकरांत माझा दादा होता. इथे कुणाला हे सांगितलेलं नाही. नाटकात साहेबांचं काम करणारे काका फार मायाळू. आल्या आल्या अर्धा डबा मलाच दिला.

मंगळवार, ५
पहिल्याच तालमीत माती खाल्ली. काका गप्प झाले, मला वाटलं विसरले. संहितेत पुढे वाक्यच नाही! घाबरून मी विंगेतून प्रश्नच पुन्हा म्हटला, कुठे आहेत ती माणसं? सगळे खो खो हसले. दिग्दर्शक म्हणाले, अगं बाई, गप्प बसणं हेच त्यांचं वाक्य. काका तेवढे हसले नाहीत. मान वळवून माझ्याकडे बघत राहिले.

गुरुवार, ७
आज त्या चाळीस सेकंदांत आवाज आला. काकांचे ओठ मिटलेले, आवाज साहेबांचा. त्या अकरांतली दहा नावं ओळीने घेतली. माझ्याशिवाय कुणालाच ऐकू गेलं नाही. नंतर काकांना विचारलं, तर म्हणाले, तेवढा वेळ मी कुठे असतो ते मलाच कळत नाही, पोरी.

शनिवार, ९
पहिला प्रयोग. अकरावं नाव आलं. दादाचं. मग साहेब म्हणाले, बारावं तुझं.
घाबरलेय, खोटं कशाला बोलू. दिग्दर्शक म्हणतात, चेहरा उतरलाय, सुट्टी घे. सुट्टी गेली खड्ड्यात. दादा येईल म्हणून अठरा वर्षं आई दाराला आतून कडी लावत नाही.

रविवार, १०
विंगेतूनच लिहितेय. दुसरा अंक. स्टुलामागे कुणीतरी उभं— बघणार नाही.
बाईंचा प्रश्न झाला. काका गप्प. आता मी—
विचारलं. मोठ्याने. माझं नाव घ्या खुशाल, आधी दादा कुठे ते सांगा.
साहेब उठले. इकडेच— येऊ देत. जागची हलणार नाही.
सांगतायत! आई, सांगतायत गं! अकराही एकाच जागी. लिहून घेते. शहराबाहेर, जुन्या