शेवटच्या घराची मागची भिंत

१२ जुलै
पोहोचलो एकदाच्या! बसमधून उतरल्यापासून पाऊस लागलाय. वन्सं म्हणाल्या, आपल्या स्वागताला कुणीतरी नळ सोडून ठेवलाय. हे गेल्यापासून आम्ही नणंद-भावजय दोघीच. भांडण झालं तर समजूत घालायला तिसरं माणूस नाही, म्हणून गोडीगुलाबीनं राहतो. काम घरं बाहेरून धुण्याचं. इथं झाडी, धुकं आणि ओल इतकी, की वर्षभरात लाकडी भिंती शेवाळानं हिरव्यागार होतात. ठेकेदारानं सामानाच्या खोलीवरचा माळा राहायला दिलाय. दोन खाटा, एक स्टोव्ह, खिडकीत नुसतं जंगल. खाली शिड्या, ब्रश आणि जोरात पाणी मारायचं मशीन. ते सारखं गुरगुरतं, म्हणून वन्संनी त्याचं नाव ठेवलं जाऊबाई.

१६ जुलै
चार घरं झाली. वरून खाली घासायचं, साबण सुकू द्यायचा नाही, फळ्यांच्या सांध्यात फवारा मारायचा नाही. हाताला वळण लागलं. उद्या जंगलाला लागून असलेलं शेवटचं घर. तिथं निवृत्त शिक्षिका एकट्याच राहतात.

१७ जुलै
बाई खिडकीतूनच बोलल्या. गळ्याभोवती मफलर, हातांत लोकरी मोजे. मागची भिंत धुवा, पण मशीन नको, हातानंच, असं बजावलं. रबरी मोज्यांचा एकच जोड होता. तो वन्संनी मला घालायला लावला. माझं बोट कापलंय ना. त्या उघड्या हातांनी भिडल्या. शेवाळ चार बोटं जाड. आणि उबदार. वन्सं म्हणाल्या, मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटतं. निघताना पाहिलं, तर बाई मोजे काढून स्वतःचे गोरे हात उलटसुलट करून बघत होत्या. रडत होत्या.

१९ जुलै
वन्संच्या मनगटावर हिरवा डाग. डॉक्टर म्हणाले, ओलीनं होतं. मलम दिलं.

२१ जुलै
कोपरापर्यंत चढलं. डाग नाही आता, लव आहे. रबरी मोजे घालून सुरीनं खरवडलं. खालून रक्त आलं. वन्संनी टॉवेल दातांत धरला. मीच रडले. तासाभरात पुन्हा उगवलं.

२२ जुलै
धावत शेवटच्या घरी गेले. बाई बॅग भरत होत्या. म्हणाल्या, चार वर्षं ते माझ्या अंगावर होतं. भिंतीवरचं आणि माझ्या अंगावरचं एकच. उघड्या हातानं जो घासेल, त्याच्यावर जातं. मी त्यांची मानगूट धरली. त्या एवढंच म्हणाल्या, "मला कुणीच नव्हतं गं. तुम्ही दोघी तरी आहात." दुपारच्या बसनं गेल्या.

२४ जुलै
सकाळी वन्संची खाट रिकामी. त्या भिंतीशी सापडल्या. गाल फळीला टेकलेला. बरं वाटतंय म्हणाल्या. ओढलं, जीव खाऊन ओढलं. खांदा सुटेना. लाकूड आणि खांदा यांत फट कुठे— फटच नाही.

२५ जुलै
ठेकेदाराला सगळं सांगितलं. तो लांबूनच बघून गेला. नवीन माणूस आणू, त्याला काही न सांगता घासून घेऊ, म्हणाला. मी हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. वन्संनी डोळ्यांनीच नको म्हटलं. तोंड आता—

२६ जुलै
मोजे काढले. घासते आहे. सकाळपासून. आधी तोंड मोकळं केलं. पहिला शब्द शिवी. मला! मग खांदा. मग—

दुपार. सुटल्या. चिखलात बसून ढसाढसा रडतायत. माझी डावी बोटं हिरवी. उजव्या हातानं लिहिते आहे. बसची वेळ झाली, जा म्हटलं. हात जोडले. पाया पडले.

जात नाहीत. बाह्या वर सारल्यात. मी भिंतीला पाठ लावून— वन्सं, नको. माझी शपथ आहे. हात लावू न