गंगारामकाकांच्या गाडीचा झटका

३ फेब्रुवारी, सोमवार
गाडीचं इंजिन लॅपटॉपवरून ट्यून करायच्या सॉफ्टवेअरचा खरा हिशेब एकदाचा लिहून टाकतो. सॉफ्टवेअर आणि केबल — अठ्ठावीस हजार. जुना लॅपटॉप — चौदा. पुण्याला चार दिवस शिकायला गेलो, तेवढे दिवस गॅरेज बंद. लॅपटॉपवरची बारीक अक्षरं दिसेनात म्हणून चष्मा. आणि बायकोचं, मृणालीचं, एक वाक्य — "पान्याने पोट भरत नव्हतं काय?" ते सगळ्यात महाग पडलं!

पण बावीस वर्षं नुसत्या कानावर गाड्या दुरुस्त केल्या. शाळा आठवीपर्यंत. गाडी फाटकातून आत येईस्तोवर तिला काय दुखतंय ते मला कळतं. आता कानही आहे आणि लॅपटॉपही. जिल्ह्यात आपला हात धरणारा कोण ते बघूच!

६ फेब्रुवारी, गुरुवार
पालीचे गंगारामकाका आले. एकतीस वर्षं एसटी चालवली. आता मुलाने, सुजयने, ठाण्याहून ऑटोमॅटिक घेऊन दिलीय — जुनीच, पण चांगली. क्लच नाही, गिअर टाकायचा नाही. तरी स्वतःच गिअर बदलताना झटका मारते.

काकूंना सोमवार-गुरुवार रत्नागिरीला डायलिसिसला आणतात. येताना निभतं. परत जाताना त्या गळून गेलेल्या असतात, प्रत्येक झटक्याला पोट ढवळतं.

"सुजय म्हणतो विकून टाकू, भाड्याची गाडी लावू," काका म्हणाले. "पण परक्या ड्रायव्हरला ही थांब म्हणायची नाय रे. गिळून बसेल."

मागच्या सीटवरून काकू — "यांचा हात सुटत नाय स्टेअरिंगवरून, आणि नाव माझं!"

दोघंही खरं बोलत होते.

मी चालवून बघितली. लोणी! एक झटका नाही. म्हणजे चढ, वजन, गरम तेल — तेव्हाच होत असणार. नोंद ठेवणारं छोटं यंत्र लावून दिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार
सापडलं! यंत्रातली नोंद बघितली. दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना इंधन एकदम तुटतं आणि तिथेच झटका. ओळीने अकरा वेळा. आता इंधनाचा तक्ता बदलायचा, गिअर जरा आधी टाकायचा. झालं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
बदललेल्या तक्त्याची माझी फाईल गाडीच्या कॉम्प्युटरवर चढवली. पट्टी शंभरावर गेली, खाली लाल अक्षरात काहीतरी आलं आणि गेलं. चष्मा घरी.

काका लंगडत आले होते. चिऱ्याची ठेच लागून डाव्या अंगठ्याचं नख गेलंय, हे मोठं फडकं बांधलेलं. म्हणाले, "बरं झालं ऑटोमॅटिक हाय. डाव्या पायाला कामच नाय!"

१७ फेब्रुवारी, सोमवार
एकही झटका नाही! काकू परत जाताना गाडीत झोपल्या म्हणे. काकांनी नारळ आणले, सहा.

व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकला — "कंपनीला जमलं नाही ते रत्नागिरीत झालं. ही गाडी आता आपल्या फाईलवर चालते!" त्रेपन्न जणांनी बघितला. मृणालीनेही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
झटका परत.

सुजयचा फोन — "महिनाअखेरपर्यंत बघतो, नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे." काका समोरच उभे. अंगठ्याचं फडकं सुटलंय, चालणं सरळ, तोंड मात्र उतरलेलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
काकूंना दवाखान्यात सोडलं आणि काकांच्या शेजारी बसलो. हातखंब्यापर्यंत. लॅपटॉप मिटलेला. डोळेही मिटले.

इंजिनाचा आवाज चढला. टप. मग झटका.

पुन्हा चढला. टप. झटका.

आधी टप! डोळे उघडून खाली बघितलं. इंजिन चढलं की काकांचा डावा पाय उठतो, क्लच शोधतो आणि ब्रेकवर टेकतो. अलगद, क्षणभर. ब्रेक लागला की गाडी इंधन तोडणारच! नोंदीत ब्रेकचा रकाना होता. मी तो उघडलाच नव्हता. आणि मधले दहा दिवस नीट गेले ते ठेचेमुळे, दुखरा पाय उठतच नव्हता!

गाडी कडेला घ्यायला लावली. "काका, डावा पाय अजून ड्युटीवर आहे."

काकांनी वाकून पायाकडे बघितलं. "मला कळतपण नाय रे, तो कधी जातो." मग हळूच — "सुजयला सांगशील? चावी जाईल माझी."

म्हटलं, आधी पायाला रिटायर करू. झटका परत आला तर मीच फोन करीन, राग धरायचा नाही. चंपक मैदानावर दीड तास फेऱ्या. डावी चप्पल काढायची, टाच सीटला चिकटवायची. दवाखान्यात काकूंना सांगितलं तर हसू आवरेना त्यांना. म्हणाल्या, "मी पुढे बसते. एकतीस वर्षं कंडक्टर होता ना शेजारी? आता मी!"

६ मार्च, गुरुवार
दवाखान्याच्या तीन फेऱ्या झाल्या. आज यंत्राची नोंद बघितली, ब्रेकच्या रकान्यासकट. स्वच्छ. इंजिन चढलं की काकू काकांच्या डाव्या गुडघ्यावर हात ठेवतात. "बस रे बाबा खाली," पायाला म्हणतात, नवऱ्याला नाही!

सुजयचा फोन. "काय होतं नेमकं?"
"जुनी सवय. मोडली."
"सॉफ्टवेअरने?"
मी खोकलो.
"भारी! मग राहू दे गाडी."

१० मार्च, सोमवार
माझी फाईल काढून कंपनीची परत घालावी म्हणून केबल जोडली. चष्मा लावून वाचलं. गाडीत कंपनीचीच फाईल आहे, पहिल्या दिवसापासूनची. माझी कधी चढलीच नव्हती.